विश्लेषण : मोठे टायर बसवल्यावर स्पीडोमीटर खोटे का बोलतो?

पिकअप किंवा ट्रकला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवणे आपल्याकडे नवे नाही. कुणाला कच्च्या रस्त्यासाठी गाडी उंच हवी असते, कुणाला ती भारदस्त दिसायला हवी असते, तर कुणी दुकानात त्या दिवशी जे माप मिळाले तेच घेऊन मोकळा होतो. टायर बदलतात, बिल चुकते होते. पण डॅशबोर्डवरचा काटा जुन्याच टायरच्या हिशेबाने वेग सांगत राहतो. हा फरक किती असतो, त्याने काय बिघडते आणि तो दुरुस्त कसा करायचा, याचा हा आढावा.

स्पीडोमीटर वेग कसा मोजतो?

स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघालेली केबल काटा फिरवत असे. आता गिअरबॉक्सवरचा किंवा चाकाजवळचा सेन्सर फेरे मोजतो आणि गाडीतला संगणक त्यांचे वेगात रूपांतर करतो. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे त्याला कारखान्यातच सांगून ठेवलेले असते. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण संगणकाला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे गाडी प्रत्यक्षात वेगात असते आणि काटा कमी वेग दाखवतो.

फरक नेमका किती पडतो?

टायरच्या कडेवर लिहिलेल्या मापावरून हे काढता येते. समजा, मूळ टायर २१५/७५ आर १५ आहे. यात २१५ मिलिमीटर ही रुंदी, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. वरची-खालची भिंत धरून टायरचा व्यास होतो ७०३.५ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ बसवला, तर व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो. ‘मी फक्त रुंद टायर घेतला’ असे अनेकांना वाटते. पण भिंतीची उंची रुंदीच्या टक्केवारीत मोजली जात असल्याने रुंदीबरोबर उंचीही वाढते.

नव्या व्यासाला जुन्याने भागले की १.०४३ येतात, म्हणजे ४.३ टक्के वाढ. मूळ टायरवर मीटर अचूक होता असे धरले, तर आता काटा ६० वर असताना गाडी ताशी सुमारे ६२.६ किलोमीटरने आणि काटा ८० वर असताना ८३.४ किलोमीटरने धावते.

पण मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतो ना?

हो, आणि ते मुद्दाम ठेवलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील ३९ व्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवण्याची मुभा मात्र आहे : खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर. याचा अर्थ, गाडी ८० ने धावत असताना काटा ९२ पर्यंत गेला तरी चालतो, पण ७९ वर थांबलेला चालत नाही. मोठे टायर हीच राखीव जागा खाऊन टाकतात. कुणाच्या गाडीत ती पूर्ण संपते, कुणाच्या गाडीत थोडी उरते. म्हणूनच मोजल्याशिवाय दुरुस्ती करू नये. नाहीतर बरोबर चाललेला मीटर बिघडायचा.

दोन-चार किलोमीटरने काय बिघडते?

पहिला मुद्दा ब्रेकचा. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग ४.३ टक्क्यांनी वाढला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास ९ टक्क्यांनी वाढते. त्यात टायर मोठा असल्याने ब्रेकची तेवढीच ताकद रस्त्यावर कमी पडते. माल भरलेली गाडी घाट उतरताना हा फरक जाणवतो.

दुसरा मुद्दा स्पीड गव्हर्नरचा. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या बहुतेक वाहतूक वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर रोखणारा गव्हर्नर सक्तीचा आहे. टँकर, डंपर आणि शाळेच्या बससाठी ही मर्यादा ६० आहे. गव्हर्नरही चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्यांवरूनच वेग ओळखतो. त्यामुळे टायर बदलला की तोही फसतो आणि ८० ऐवजी ८३ ला गाडी रोखतो. चालकाने काही केलेले नसते, तरी चलान त्याच्याच नावाने निघते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार वेगमर्यादा मोडल्यास हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, तर मध्यम आणि जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. किलोमीटरही त्याच फेऱ्यांवर मोजले जातात. वरच्या उदाहरणातील गाडी एक लाख किलोमीटर धावली, तर मीटरवर सुमारे ९५,९०० च दिसतील. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्याचे तेवढे भाडे बुडते, डिझेलचे ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसते आणि ऑइल बदलायला उशीर होतो.

फरक कसा तपासायचा?

मोबाइलवरचे जीपीएस पुरेसे आहे. सरळ, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर किमान अर्धा मिनिट स्थिर ठेवा आणि जीपीएसवरचा वेग शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. चालकाने मोबाइलकडे पाहू नये. बोगदा, घाट आणि उंच इमारतींच्या मधला रस्ता टाळा. तीन-चार वेळा मोजून सरासरी काढा. टायरमधली हवा आधी तपासून घ्या. झिजलेल्या टायरच्या जागी नवा आला, तर त्याच मापातही एक-दीड टक्क्याचा फरक पडू शकतो. किलोमीटरचा फरक पाहायचा असेल, तर महामार्गावरच्या दहा किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहा.

दुरुस्ती कशी होते?

केबलच्या जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधली स्पीडोमीटरची छोटी गिअर-चकती वेगळ्या दात्यांची बसवतात. नव्या गाड्यांपैकी काहींत अधिकृत सेवा केंद्रातील संगणकावरून टायरचे नवे माप नोंदवता येते. ते शक्य नसेल, तर सेन्सर आणि मीटर यांच्या मध्ये बसणारे छोटे उपकरण मिळते. ते फेऱ्यांचा आकडा ठरावीक प्रमाणात वाढवून पुढे पाठवते. मात्र केवळ काटा सुधारला आणि गव्हर्नर जुन्याच आकड्यावर राहिला, तर काम अर्धवटच झाले. गव्हर्नरला स्वतः हात लावू नये. तो अधिकृत केंद्रातूनच जुळवून घ्यावा.

कायदा काय म्हणतो?

कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल कलम ५२ नुसार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालातही हेच स्पष्ट केले. बेकायदा फेरबदलाला कलम १८२ अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे त्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेल्या मापांतच राहणे शहाणपणाचे. मीटर दुरुस्त केला म्हणून अमान्य टायर मान्य होत नाही.

मग जबाबदारी कुणाची?

आज टायर विकणारा माप विचारतो, मीटरबद्दल विचारत नाही. आरटीओच्या योग्यता तपासणीत स्पीडोमीटर पाहिला जातो. पण आठ वर्षांपर्यंतच्या वाहतूक वाहनाला हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी मिळते. मधल्या काळात टायर बदलला, तर चुकीचा काटा घेऊन गाडी लाखभर किलोमीटर धावू शकते. माप बदलून टायर विकताना मीटर तपासण्याची लेखी सूचना बिलावरच देणे दुकानदाराला सक्तीचे करायला हवे. त्याला सरकारी तिजोरीतून एक रुपयाही लागणार नाही. तोवर मालकाने तरी मीटरची तपासणी टायरच्या खर्चातच धरावी. चालक ज्या काट्यावर विसंबून ब्रेक दाबतो, तो बरोबर असणे हा त्याचा हक्क आहे.