आजीच्या आईचे नाव काय?



मागच्या महिन्यात आमच्या कुटुंबाचा मेळावा झाला. मलिदा झाला, एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले, जेवणे झाली आणि मग भिंतीवर वंशावळ लावली. मोठी, रंगीत, नातवंडांनी हौसेने केलेली. पुरुषांच्या पाच पिढ्या नावानिशी. आजोबांच्या शेजारी आजी, तिच्यापुढे फक्त 'पत्नी'. खाली 'मुले ७'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हात काही उठले नाहीत.

ही 'पत्नी' अलिबागजवळच्या एका खेड्यात जन्मली, लग्न होऊन मुंबईला आली आणि १९५० नंतरच्या त्या कठीण वर्षांत पोरांसह इस्राएलात उतरली. माबारातल्या पत्र्याच्या खोपटात तिने संसार मांडला. सगळे रेशनवर. आजोबांना कधी रस्त्याचे काम मिळे, कधी नाही. स्टोव्हवर भात आणि पाण्यासारखी आमटी. आधी पोरे, मग आजोबा, उरले तर ती. हिब्रू तिला शेवटपर्यंत धड आली नाही, पण कूपनांच्या हिशेबात तिला कोणी फसवू शकले नाही. मुलींना शाळेतून काढून कामाला लावा, असे आजूबाजूच्या बाया सांगत. तिने एकीलाही काढले नाही. आमच्या घरात आज शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, त्या याच हट्टामुळे.

आणि 'मुले ७' हेही खरे नाही. आम्ही कित्येक वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. बाई दाखल झाली की आधी दोन प्रश्न : कितवी खेप? जिवंत किती? दोन्ही आकडे लिहावे लागतात. आजी नऊ वेळा बाळंत झाली. एक मुलगी मुंबईत गोवराने गेली, एक बाळ माबारातल्या पहिल्याच हिवाळ्यात. वंशावळीत त्या दोघांना जागा नाही.

आपली आडनावे गावांवरून आली, याचा आपल्याला फार अभिमान. पेणकर म्हटले की पेण, रोहेकर म्हटले की रोहे. पण पेणकरांच्या घरात आलेली सून कुठली, तिचे माहेर कोणते, हे आडनाव सांगत नाही. म्हणून तर ते लिहून ठेवायला हवे.

न लिहिण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने फर्मान काढले : बेने इस्राएल मुलामुलीचे दुसऱ्या ज्यू घरात लग्न ठरले की आई, आईची आई, जमेल तितके मागे जाऊन चौकशी करा. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला आणि मग फर्मानातून 'बेने इस्राएल' हे शब्द निघाले. तो लढा न्यायाचा होता, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही.

पण त्याच काळात आमच्या आत्याच्या लग्नासाठी एका कचेरीत काय झाले ते ऐका. कारकुनाने आईकडची नावे विचारली. आजोबा गप्प. आजीने आपल्या आईचे, आजीचे, पणजीचे नाव गावासकट सांगितले. आत्या ही गोष्ट अनेकदा सांगे, पण नावे तिच्या लक्षात राहिली नव्हती. म्हणजे ज्याला आमच्यावर विश्वास नव्हता त्याने ती नावे लिहून घेतली. आम्ही, तिच्याच पोटच्यांनी, नाही. आज आजीच्या आईचे नाव आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, आपली रीतच अशी. केतुबात वधूलाही बापाचेच नाव लागते. खरे आहे. पण आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना कोणाचे नाव घेतो? आईचे. ऑपरेशनच्या दाराशी बसलेले किती मुलगे आम्ही पाहिले, आईचे पूर्ण नाव आठवता आठवता घाबरे झालेले. जीव टांगणीला लागला की आई आठवते, मग वंशावळ काढताना ती कुठे जाते?

दुसरे कोणी म्हणेल, जुनी माणसे गेली, आता नावे आणायची कुठून? सगळी गेलेली नाहीत. दिमोना, लोद, अश्दोद, बेर्शेबा इथे नव्वदीच्या मावश्या, आत्या अजून आहेत. ट्रंकेत केतुबा आहेत, फोटोंच्या पाठीवर शाईने लिहिलेले आहे. फोन उचलायचा कंटाळा, हे खरे कारण.

तेव्हा 'आजीने सात मुले वाढवली' म्हणून टाळ्या वाजवण्याआधी एवढे करा. या शब्बाथनंतर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे नाव, माहेरचे गाव, तिच्या आईचे नाव, आजीचे नाव. किती बाळंतपणे, किती जगली, गेलेल्यांची नावे काय. घाई करू नका, ती रडली तर थांबा, आणि पुन्हा जा. पण फार दिवस थांबू नका. आम्ही थांबलो होतो.