सब्र कर, बेटा

2021 च्या एप्रिलमध्ये, रमजान सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझे अब्बा गेले. त्या महिन्यात नागपुरात घरोघरी काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. कब्रस्तानात आम्ही मोजकी माणसं. कुणी कुणाला जवळ घेत नव्हतं, लांबूनच हात उंचावून लोक निघून गेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्या दिवशी आणि चाळिसावा होईपर्यंत प्रत्येकाने त्याला एकच सांगितलं, सब्र कर, बेटा. त्याने केला. म्हणजे तो बोलायचाच थांबला.

दोन वर्षांनी एका रात्री गच्चीवर तो म्हणाला, "आपा, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. मी नसलो तर काय बिघडणार आहे?" माझ्या तोंडाशी तेच दोन शब्द आले होते. कसेबसे गिळले आणि त्याच्या शेजारी बसून राहिले.

मित्रमैत्रिणींनो, या अंकाचं संपादकीय पुस्तकांवर आहे, पण सुरुवात इथूनच करावी लागली.

घरात आम्ही नागपुरी हिंदी बोलतो, शाळा मात्र मराठी. त्यामुळे माझ्या हाताशी जे होतं ते मराठीतलंच होतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. 'वनवास' 1994 मध्ये आलं, पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. बेळगाव भागातला, आजीकडे राहणारा, ज्याला त्याला 'मॅड' म्हणणारा हा मुलगा तीन पुस्तकं आपल्याला हसवत राहतो आणि चौथ्यात त्याचे बाबा जातात. संत स्वतः लहान असताना, 1946 मध्ये, त्यांचे वडील ना. मा. संत वारले होते. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. पन्नाशी उलटलेल्या माणसाने ते पोरकेपण पुन्हा एका मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं ते आत कुठेतरी शाबूत होतं, ही गोष्टच मला पुरेशी वाटते. "काळ सगळं विसरायला लावतो" असं सांगणाऱ्या नातेवाईकांना ही पुस्तकं द्यायला हवीत.

भावाने 'झुंबर' दोन रात्रींत संपवलं. तिसऱ्या दिवशी अचानक म्हणाला, "अब्बा रविवारी तर्री-पोहे आणायचे तेव्हा तर्रीची पिशवी वेगळी धरायचे, आठवतं?" दोन वर्षांत अब्बांचं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं होतं. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आम्ही तिघं रडलो.

पुस्तकाने तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. समुपदेशकाकडे जावं लागलं, महिनोन्महिने. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416, फोन विनामूल्य लागतो आणि रात्रीही लागतो. हा क्रमांक आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. पाहुण्यांना तो खटकतो. खटकू दे.

आता आपल्या घरातलं बोलू. आत्महत्या हराम आहे, एवढं सांगून आपण मोकळे होतो. ज्याच्या मनात तो विचार येतो, त्याला त्यातून एवढंच कळतं की हे कुणाजवळ बोलायचं नाही. आणि ज्या घरात तसं घडून गेलंय, तिथे आईला मुलासाठी उघड रडताही येत नाही, कारण शेजारी विचारतील. देशाच्या कायद्याने 2017 मध्ये मान्य केलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली असतो असं गृहीत धरावं आणि त्याची काळजी घ्यावी. मोहल्ल्याने ते अजून मान्य केलेलं नाही.

सब्र या शब्दावर आपण फार अन्याय केलाय. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा ते रडले होते. हजरत याकूब यांचे डोळे यूसुफसाठी रडून पांढरे पडले, हे कुरआनातच आहे. ज्या वर्षी बीबी खदीजा आणि चाचा अबू तालिब गेले, त्या वर्षाला दुःखाचं वर्ष असं नाव आहे. दुःखाला नाव देणाऱ्या परंपरेतली मुलं आपण, आणि चौदा वर्षांच्या पोराला सांगतो, मर्द बन.

मराठीत आईच्या मृत्यूवर रडायला महाराष्ट्राला ज्यांनी शिकवलं ते साने गुरुजी. 'श्यामची आई' त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहून पैगंबरांचं चरित्र मराठी वाचकांपर्यंत पोचवलं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. आणि 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. शाळेत हे आम्हाला सांगितलं नव्हतं. मोठेपणी कळलं तेव्हा मला राग आला, त्यांच्यावर नाही, सांगणं टाळणाऱ्यांवर. इतकं प्रेम असलेला माणूसही कोसळू शकतो, हे आम्हाला सोळाव्या वर्षी कळलं असतं तर आम्ही एकमेकांकडे जरा नीट पाहिलं असतं.

इंग्रजीत पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स' आहे. कल्पना शिवॉन डाउड यांची. त्या 2007 मध्ये कर्करोगाने गेल्या आणि नेसने ते 2011 मध्ये पूर्ण केलं. आई मरणार हे ठाऊक असलेल्या मुलाच्या मनातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ते पुस्तक बोलून दाखवतं, आणि तरी त्या मुलाला वाईट ठरवत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मराठी कुमार साहित्यात मला भेटलेला मुसलमान मुलगा बहुधा नायकाचा मित्र असतो. ईदला शिरखुर्मा आणतो आणि डबा घेऊन परत जातो. त्याच्या घरी कुणी मरत नाही, म्हणजे तिथे कुणी जगतही नाही. इद्दतीत बसलेल्या आईला दूध कोण आणून देतं, अब्बांची टोपी कोण वापरतं, पहिल्या ईदला नवे कपडे घालायचे की नाही, हे त्या पानांवर मला कधी दिसलं नाही. ते आपणच लिहायचंय. शुद्धलेखन आम्ही सांभाळू. पुढच्या अंकासाठी पाठवा, नाव द्यायचं नसेल तर नाव न देता पाठवा.

भाऊ आता एकोणीसचा आहे. हे छापण्याआधी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, तर्रीचं राहू दे, पण पिशवी नाही आपा, स्टीलचा डबा होता. अम्मी म्हणते पिशवीच होती. त्यावर अजून वाद चालू आहे.