‘पुट् ऑफ्’

इंग्रजी भाषेंतील लहान लहान शब्दच आपल्या लोकांस अधिक नडतात. अवघड शब्द दिसला, कीं माणूस कोश उघडतो; परंतु ‘पुट्’ म्हणजे ठेवणें आणि ‘ऑफ्’ म्हणजे दूर, हें शाळकरी मुलासहि ठाऊक असल्यामुळें ‘पुट् ऑफ्’साठीं कोश उघडावा असें कोणाच्याहि मनांत येत नाहीं. डॉ. जॉन्सननें १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत, परकीयांस सर्वांत मोठी अडचण अशा जोडक्रियापदांचीच होते, हें नमूद करून ठेविलें आहे.

संस्कृत शिकलेल्यास मात्र हा प्रकार अपरिचित वाटूं नये. ‘स्था’ म्हणजे उभें राहणें. पण ‘प्रस्थान’ म्हणजे निघून जाणें आणि ‘अनुष्ठान’ म्हणजे कर्माचें आचरण. आपला उपसर्ग धातूच्या आधीं चिकटून बसतो, इंग्रजांचा मागून येतो व मध्यें कर्मासहि जागा देतो. उपसर्ग धातूपूर्वीं यावा असें सांगून पाणिनीनें (१.४.८०-८२) वेदापुरती मागून येण्याची व अंतर ठेवण्याची मोकळीक दिली आहे. या बाबतींत इंग्रज अद्याप वैदिकच म्हणावयाचे!

‘पुट् ऑफ्’चा मुख्य अर्थ पुढें ढकलणें. सभा ‘पुट् ऑफ्’ झाली म्हणजे ती होणार, पण आज नव्हे. ‘कॉल् ऑफ्’ झाली म्हणजे रद्दच. आमच्या परिचयाच्या एका मुलास, मुलाखत ‘पुट् ऑफ्’ केली आहे, असें पत्र आलें. वडिलांनीं ‘गेली नोकरी!’ म्हणून तें फडताळांत टाकलें, आणि मुलगा परगांवीं जाण्यास निघाला. पत्राच्या तळाशीं नवी तारीख होती. ती आईच्या दृष्टीस पडली, म्हणून निभावलें. बाईंचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतहि झालेलें नव्हतें. पत्र शेवटपर्यंत वाचण्याची संवय मात्र होती.

कर्माच्या जागीं माणूस आला, कीं अर्थ पालटतो. घेणेकरी दारीं आला असतां ‘पहिल्या तारखेस या’ म्हणून त्याची बोळवण करणें, हेंहि ‘पुट् ऑफ्’च. तिसरा अर्थ मन उडण्याचा. भाजींत अळी दिसली, तर मराठींत आपलें मन उडतें. इंग्रजींत कर्तृत्व अळीकडे जातें, आणि माणूस ‘पुट् ऑफ्’ होतो. म्हणून ‘आय् पुट् ऑफ्’ नव्हे, ‘आय् वॉज् पुट् ऑफ्’ असें म्हणावें. मराठीच्या वळणावर जाणारे विद्यार्थी येथें हटकून घसरतात.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलांत मोझेसला पादत्राणें काढण्याची आज्ञा याच क्रियापदानें झाली आहे. आज तेथें ‘टेक् ऑफ्’ म्हणतात.

सर्वनाम मध्येंच घालावें : ‘पुट् इट् ऑफ्’, ‘पुट् ऑफ् इट्’ कदापि नव्हे. पुढें क्रियापद आल्यास ‘पुट् ऑफ् गोइंग्’ म्हणावें, ‘टु गो’ नव्हे. ‘पुट् अप् विथ्’चा संसार याहून मोठा आहे, तो पुढील अंकीं पाहूं.