समुद्राखालचा गोटीसोडा



गोटीसोडा कधी प्यायलात का? गोटी आत ढकलली की 'फस्स्' असा आवाज होतो, फेस उसळतो आणि थोडा सोडा हातावर सांडतो. दाब कमी झाला की सोड्यातला वायू फुगतो आणि बाहेर येताना पाण्यालाही ढकलतो. अगदी असेच एका समुद्राखाली घडले आहे!

नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्र आहे. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी उरल पर्वताकडून येणाऱ्या नद्यांनी इथे वाळू आणि गाळ आणून टाकला. पुढे, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, इथल्या समुद्राच्या तळाशी प्राणवायू फारसा नव्हता. त्यामुळे मेलेले सूक्ष्म जीव पुरते कुजले नाहीत, काळ्या चिखलात गाडले गेले. वर गाळाचे थर चढत गेले, खालची उष्णता वाढली आणि त्या चिखलातून तेल व वायू तयार झाले.

आता तुम्हाला वाटेल, तेलाचे तळे साचले असेल. छे! ओल्या विटेत पाणी मुरलेले असते ना, तसे तेल वाळूच्या खडकांतल्या बारीक छिद्रांत असते. वर घट्ट खडकाचे झाकण हवे, नाहीतर ते निसटते.

इथे नेमका घोटाळा झाला. समुद्रतळ उचलला गेला. गेल्या सुमारे २७ लाख वर्षांतल्या हिमयुगांत हिमनद्यांनी तो खरवडून काढला. काही ठिकाणी एक किलोमीटरहून जाड थर नाहीसा झाला. दाब उतरला, वायू फुगला आणि त्याने तेलाला बाहेर ढकलले. काही झाकणांना भेगाही पडल्या.

म्हणून १९८४ साली इथे 'स्नोव्हिट', म्हणजे आपली हिमगौरी, हे क्षेत्र सापडले तेव्हा त्यात मुख्यतः वायू होता. तेलाचा थर अगदी पातळ. पण सगळे तेल काही गेले नव्हते. 'गोलियाट' क्षेत्र २००० साली सापडले आणि २०१६ मध्ये तिथून तेल येऊ लागले.

तेव्हा भूशास्त्रज्ञ नुसते 'तेल कुठे बनले?' एवढेच विचारत नाहीत. 'ते कुठे टिकले?' हेही विचारतात.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. तेल जाळल्याने हवा तापते, आणि याच समुद्रावरचा बर्फ झपाट्याने कमी होतो आहे. कोट्यवधी वर्षांची ही ठेव आपण किती काढावी? आज जेवताना आईबाबांशी यावर जरूर बोला हं!