बर्मीज हवी, तर घरात माणूस हवा

परदेशी जातीचं मांजर पाळायची हौस आता जळगाव-धुळ्यातही आली आहे. माझ्याकडे बर्मीज आहे म्हटल्यावर लोक आधी किंमत विचारतात, मग केस किती गळतात ते. मी उलट विचारते, ‘दुपारी तुमच्या घरी कोण असतं?’ कोणीच नसेल, तर बर्मीज आणू नका, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

मांजराला माणसापेक्षा घर प्यारं, असं आपण ऐकत आलो. बर्मीजला ते लागू पडत नाही. आमची चिकू लेकीनं बदलीच्या वेळी माझ्याकडे ठेवली. मी तुळशीला पाणी घालायला गेले की ती मागे, पूजेला बसले की शेजारी आणि मेथी निवडायला घेतली की थेट मांडीवर. आवाज घोगरा, पण बोलणं दिवसभर. लग्नासाठी धुळ्याला बहिणीकडे जायचं होतं, तेव्हा ऊन चढायच्या आत एरंडोल-पारोळामार्गे तिला सोबतच नेलं. घर नवं होतं, पण मी नजरेसमोर होते, म्हणून ती निवांत जेवली.

१९३० मध्ये ब्रह्मदेशातली ‘वाँग माऊ’ ही तपकिरी मांजरी सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. जोसेफ थॉम्प्सन यांच्याकडे आली. सयामी बोक्याशी तिचा संकर करून अमेरिकेत ही जात घडवली गेली. पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या सहवासात वाढलेलं हे मांजर दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये ठेवणं मला क्रूर वाटतं. नवरा-बायको नोकरीला, मुलं शाळा-क्लासला, अशा घरानं आणायचीच तर जोडीला दुसरं मांजर आणावं. गल्लीतलं देशी पिलू त्यासाठी उत्तम.

मग येतं आपलं ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या छतामुळे गारवा राहायचा. स्लॅब रात्रीही तापलेला असतो. पत्र्याच्या खोलीत मांजर कोंडू नका. कूलरची खोली तिला मोकळी ठेवा, दोन-तीन ठिकाणी मातीच्या भांड्यात पाणी ठेवा. ती तोंड उघडून धापा टाकू लागली, तर ऊन बाधलंय असं समजा. ओल्या फडक्यानं अंग पुसत लगेच पशुवैद्याकडे न्या.

खाण्याच्या बाबतीत तर आपले समज फारच चुकीचे आहेत. दूध-पोळीवर मांजर धड राहत नाही. त्याला टॉरिन लागतं आणि ते मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचतही नाही. आपल्या भरतातला कांदा-लसूण त्याला विषारी. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी दिली, तर जीवच जाईल. घरात सामिष चालत नसेल तर मांजरांचं तयार खाद्य आणा. तेही चालणार नसेल, तर मांजर आणू नका. लाडानं सारखं भरवणंही नको. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या बर्मीजमध्ये मधुमेहाचं प्रमाण इतर मांजरांपेक्षा जास्त आढळलं आहे.

केसांची काळजी त्यामानानं सोपी. ते आखूड असतात, आठवड्यातून एकदा ब्रश फिरवला की पुरे. रेबीजची आणि इतर लस, नसबंदी यांत मात्र चालढकल नको.

आजी-आजोबा घरी आहेत, पोरांचा राबता आहे, अशी भरली घरं खान्देशात अजून पुष्कळ आहेत. त्यांनी बर्मीज जरूर आणावी. ती घरातल्या प्रत्येकाला लळा लावेल. पण ती पंधरा वर्षंही जगू शकते. आज पहिलीत असलेलं पोर कॉलेज संपवेल, तोवर तिची जबाबदारी आपली. एवढी वर्षं तिच्यासाठी घरी कोण असेल, हे पैसे मोजण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा.