हे पाप कोणाच्या खाती?



गेल्या संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून आम्ही घरी परतत होतो. माझा नऊ वर्षांचा नातू बोट धरून चालत होता. पाठशाळेत जाणारी मुले हल्ली प्रश्न फार नेमके विचारतात. तो म्हणाला, “आजोबा, आपले मासे मेले त्याचं पाप कोणाच्या खात्यात गेलं? तुमच्या, माझ्या, की दुकानवाल्या काकांच्या?”

माझी ३६ वर्षे बँकेत लोकांची खाती सांभाळण्यात गेली. नावे कोणती आणि जमा कोणती, हे मी झोपेतही सांगू शकलो असतो. त्या संध्याकाळी मात्र मला उत्तर सुचले नाही. या महिन्याचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

हकीकत अशी. जूनमध्ये नातवाचा वाढदिवस होता. त्याने मासे मागितले आणि मी, आजोबाच तो, लगेच कबूल झालो. शहरातल्या एका गजबजलेल्या दुकानात गेलो. दीड फूट लांबीची, साधारण चाळीस लिटर पाणी मावेल अशी काचेची टाकी, रंगीत खडे, एक छोटा फिल्टर, प्लास्टिकची झाडे, खाद्याची डबी आणि अकरा मासे अशी खरेदी झाली. माशांत सहा गोल्डफिश होते, चार इवलेसे निऑन होते आणि ‘काच साफ ठेवतो’ म्हणून दिलेला एक काळा सकर होता. दुकानदाराने आम्हाला दोनच प्रश्न विचारले: रंग कोणता हवा, आणि पैसे रोख देणार की मोबाइलवरून. मी पूर्वी कधी मासे पाळले आहेत का, हे त्याने विचारले नाही. मलाही काही विचारावेसे वाटले नाही. वीस-तीस रुपयांच्या वस्तूबद्दल कोण काय विचारणार?

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. आमच्या सौभाग्यवतींना वाटले, बिचारे भुकेले आहेत. म्हणून त्या दयेपोटी येता-जाता चिमूटभर खाद्य टाकू लागल्या. पाचव्या दिवशी पहिला निऑन गेला. मग मी कंबर कसली. सगळे पाणी उपसून टाकले, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि टाकी नगरपालिकेच्या स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार मासे उलटे तरंगत होते. पंधरवड्याच्या आत अकरांपैकी आठ गेले. नातवाने एकेकाला कुंडीत पुरले आणि प्रत्येक वेळी नवकार म्हटला.

मी दुकानात परत गेलो. भांडायला नव्हे, समजून घ्यायला. उत्तर मिळाले, “काका, मासे मरतातच. दुसरे घेऊन जा, स्वस्तात लावतो.”

या वाक्याने मला फार अस्वस्थ केले. कोणाच्या तरी सांगण्यावरून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या वयस्क दुकानदाराने माझी सगळी कथा शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “साहेब, मासे आजाराने नाही मेले. ते स्वतःच्याच विषाने मेले.” मग त्यांनी जे समजावले, ते विक्रीच्या वेळी पाच मिनिटांत सांगता येण्यासारखे होते.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकत असतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. चाळीस लिटरच्या टाकीत तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसरे जीवाणू त्याचे पुढे नायट्रेट करतात आणि ते माशाला बरेच सुसह्य असते. थोडे थोडे पाणी नियमित बदलले की नायट्रेटही आटोक्यात राहते. हे जीवाणू प्रामुख्याने फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणि अकरा मासे एकाच दिवशी विकणे म्हणजे पायाच्या सिमेंटला पाणी मारण्याआधीच इमारतीत भाडेकरू बसवण्यासारखे आहे. मासे वर येऊन तोंड उघडत होते ते भुकेने नव्हे, गुदमरून; आणि आम्ही दयेने टाकलेला प्रत्येक घास विष वाढवत होता. मी स्पंज धुतला तेव्हा जे थोडेफार जीवाणू जमले होते, तेही वाहून गेले. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उरलेले काम केले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. त्याच घरात मी हे केले.

आणखीही बरेच कळले. गोल्डफिश हा काचेच्या भांड्यात मावणारा मासा नाही. नीट सांभाळला तर तो वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. काच साफ ठेवणारा सकर फूटभराहून मोठा होतो. फायटर नावाचा देखणा मासा वाटीएवढ्या बरणीत विकतात आणि ‘याला काही लागत नाही’ असे सांगतात. त्याला हवेतून श्वास घेता येतो, हे खरे. म्हणून तो लवकर मरत नाही, इतकेच. लवकर न मरणे आणि सुखाने जगणे यांत फरक आहे. भरभराटीसाठी म्हणून आपल्या पेढ्यांवर आणि दिवाणखान्यांत अरोवाना ठेवण्याची टूम आहे. तो मांसाहारी आहे. त्याला जिवंत मासे, कोळंबी, किडे घालतात. आणि माशांच्या साध्या डबीवरील बारीक अक्षरे भिंगातून वाचली तेव्हा पहिलाच घटक दिसला: माशांची भुकटी. आमच्या स्वयंपाकघरात कांदा येत नाही आणि दिवाणखान्यात ही डबी महिनाभर देवघरापासून सहा फुटांवर होती. हेही दुकानदाराने सांगायला हवे होते. आमची आडनावे आणि कपाळावरचे टिळे त्याला दिसत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हिशेब मांडायचा तर दोन वह्या उघडाव्या लागतात, एक कायद्याची आणि एक धर्माची.

वाणिज्य शाखेत आम्हाला १९३० चा मालविक्री कायदा होता. ‘ग्राहकाने सावध राहावे’ हे त्यातले तत्त्व सर्वांना पाठ असते. पण त्याच सोळाव्या कलमात त्याचा अपवादही आहे. ग्राहकाने आपली गरज विक्रेत्याला कळवली असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल आणि ती वस्तू विक्रेत्याच्या नेहमीच्या धंद्यातील असेल, तर ती त्या गरजेला योग्य असलीच पाहिजे. ‘लहान मुलासाठी, पहिल्यांदाच मासे पाळतो आहोत’ असे सांगून खरेदी करणारा ग्राहक विसंबूनच असतो. शिवाय मासा ही नुसती वस्तू नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही जीव, अशी व्याख्या आहे. मासा त्यात येतोच. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या कुशलतेसाठी वाजवी ते सर्व उपाय करावेत आणि त्याला विनाकारण यातना होऊ देऊ नयेत, असे त्याचे तिसरे कलम सांगते. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाला प्राणी विकण्यास मनाई केली. रोम शहराने २००५ साली गोल्डफिशसाठी गोल काचेची भांडी वापरण्यावर बंदी घातली. जे समाज मासे खातात, त्यांनीही हा विचार केला.

धर्माची वही अधिक कडक आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठ केले: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपण ते गाय-बैलांसाठी आहेत असे समजतो. पण पंचेंद्रिय जलचराला बरणीत कोंडणे हा बंध नव्हे काय? आणि ज्या पाण्यात तो जगतो तेच विषारी होऊ देणे, हा अन्नपाननिरोधाहून कमी दोष कसा? श्रावकाने वर्ज्य मानलेल्या १५ कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे जीवांचा व्यापारही सांगितला आहे. शब्दशः पाहता माशाला केस नसतात. पण आशय शोधणाऱ्याला तो सहज सापडतो. हिंसा करणे, करविणे आणि अनुमोदणे, असे तीन मार्ग शास्त्राने सांगितले आहेत. म्हणजे खाते एकाचे नाही, संयुक्त आहे.

दुकानदाराकडे बोट दाखवताना मला माझेही एक जुने पान आठवते. मार्च महिना होता आणि शाखेचे विम्याचे उद्दिष्ट अपुरे होते. एका निवृत्त शिक्षकांनी ठेव मोडून काय करावे, असे मला विचारले. त्यांच्या वयाला न शोभणारी दीर्घ मुदतीची पॉलिसी मी त्यांना दिली. कागद सगळे बरोबर होते, सही त्यांचीच होती. दोन वर्षांनी पत्नीच्या आजारपणात त्यांना पैसे लागले, तेव्हा ते अडकलेले होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. ज्याला माहिती आहे आणि जो ती सांगत नाही, तो खोटे बोलला नाही एवढ्यावर सुटत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. मासे विकणाऱ्याच्या बाबतीत तर तिसरा पक्ष असा आहे की ज्याला तक्रारही करता येत नाही.

दुकानदाराची अडचण मला कळते. रविवारची गर्दी असते, नफा पैशांत असतो आणि प्रश्न विचारत बसले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. पण आपण पिढीजात व्यापारी आहोत. टिकाऊ पेढी कशावर उभी राहते, हे आपल्याला सांगायला नको. त्या वयस्क दुकानदारांनी मला त्या दिवशी एकही मासा विकला नाही. ते नव्या गिऱ्हाइकाला आधी टाकी आणि फिल्टर देतात, पाणी फिरते ठेवायला सांगतात, आपल्या जुन्या टाकीतला थोडा मळलेला स्पंज विरजणासारखा सोबत देतात आणि ‘महिन्याने पाणी तपासून मग मासे न्या’ म्हणतात. तेव्हाही आधी दोन-तीनच. टाकी केवढी, किती दिवस चालू आहे, आत आणखी कोण आहे, रोज काळजी कोण घेणार आणि काय खायला घालणार, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय ते पिशवी बांधत नाहीत. मी विचारले, “धंदा बुडत नाही का?” ते हसून म्हणाले, “ज्याचे मासे मरतात तो दोनदा येतो आणि मग टाकी माळ्यावर टाकतो. ज्याचे जगतात तो वीस वर्षे येतो.”

आपल्यापैकी कोणी या धंद्यात असेल किंवा त्यासाठी गाळा भाड्याने देत असेल, त्याने हे पाच प्रश्न आणि सूचनांचा एक मराठी कागद दुकानात ठेवावा, एवढी विनंती. बाकीच्यांसाठी तीन गोष्टी. वाढदिवसाला परतभेट म्हणून बरणीतले मासे वाटू नका आणि लग्नाच्या टेबलांवर काचेच्या भांड्यांत मासे सोडून शोभा करू नका. पाहुणे जेवून घरी जातात, त्या माशांचे पुढे काय होते हे कोणी विचारत नाही. आणि पाळलेले मासे नकोसे झाले तर जीवदया म्हणून ते नदी-तलावात सोडू नका. असे सोडलेले सकर आज देशातील अनेक जलाशयांत पसरून तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठले आहेत. एकाची दया शेकडोंची हिंसा ठरते. ते मासे परत घेणारे किंवा नीट सांभाळणारे घर शोधावे.

आमचे उरलेले तीन गोल्डफिश आज मोठ्या टाकीत आहेत. भुकटीची डबी बंद झाली. त्या दुकानदारांना विचारून आम्ही वनस्पतीजन्य खाद्य शोधले आणि सोबत उकडलेल्या मटाराचे सोललेले दाणे देतो. नवे मासे आणायचे नाहीत, आणि जे आहेत त्यांना शेवटपर्यंत सांभाळायचे, असे घरात ठरले आहे. दर रविवारी नातू आणि मी मिळून एक चतुर्थांश पाणी बदलतो. ते आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले असते; आमच्याकडे तेवढ्याने क्लोरीन उडून जातो.

परवा पाणी बदलताना मी त्याला उत्तर दिले. म्हटले, “बाळा, खाते तिघांचे आहे. दुकानदाराला माहीत होते, त्याने सांगितले नाही. मला विचारता आले असते, मी विचारले नाही. तू लहान आहेस, तुझ्या नावावर अगदी थोडे. पण तुझ्या हट्टाएवढे आहेच.”

त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “मग आपण माशांना मिच्छा मि दुक्कडं म्हणायचं?”

आम्ही दोघांनी म्हटले. मग त्याने बादलीतल्या पाण्यात बोट घालून ते फार गार नाही ना, हे पाहिले आणि हळूच टाकीत ओतायला सुरुवात केली.