गाडीची अश्वशक्ती आणि उसाचे बिल



बेसल डोस, पाचट, खोडव्याची निगा असे विषय घेऊन मी या पानावर नेहमी आपल्यापुढे येतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. तो आहे चारचाकी गाडीचा. शेतकी खात्याच्या माणसाने गाडीवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की अलीकडे ऊसनोंदीचा दाखला मागायला येणाऱ्यांत पाइपलाइनवाल्यांच्या बरोबरीने गाडीवाले दिसू लागले आहेत. ज्या गाडीचा हप्ता उसातून जायचा, ती गाडी माझ्याही खात्याचा विषय होते.

मागच्या महिन्यात गट कार्यालयात आपले एक जुने सभासद आले होते. आपण त्यांना नुसते आप्पा म्हणू. बारा एकर ऊस, दोन म्हशी, नोंद वेळेवर, दरवर्षी आपल्याच कारखान्याला ऊस. बरोबर त्यांचा मुलगा होता.

“साहेब, दाखला पायजे. पोरगा थार घ्यायची म्हणतोय.”

“घ्या की. कुठली घेताय?”

मुलगाच म्हणाला, “फोर बाय फोर. मोठ्या इंजिनची. घ्यायची तर तीच. बारकं इंजिन घेतलं तर लोक हसत्यात.”

मी विचारले, “आणि आप्पा, ठिबकचं काय झालं? लागणीच्या आधी बसवायचं म्हणत होता.”

आप्पा गप्प बसले. मुलगा चहा सांगायला बाहेर गेला तसे हळू आवाजात म्हणाले, “साहेब, एकोणतिसावं सरतंय त्याचं. तीन ठिकाणची बोलणी फिसकटली. शेती करतोय म्हटलं की समोरचा माणूस पुढं बोलतच नाही. दारात गाडी असली तर काय फरक पडतोय का बघू.”

बंधूंनो, यावर हसण्यासारखे काही नाही. आपल्या प्रत्येक गावात अशी पाच-पंचवीस तरी घरे आहेत. ‘गाडी म्हणजे चैन’ असे सांगून मी आप्पांना वाटेला लावू शकलो असतो, पण ते खरे झाले नसते. दवाखाना, मुलांची शाळा, बाजार, लग्नकार्य यांना गाडी लागतेच, आणि चांगल्या शेतकऱ्याच्या दारात ती असावी. माझे म्हणणे एवढेच आहे, की गाडी घेण्याचा प्रश्न वेगळा आणि कुठल्या ताकदीची घेण्याचा प्रश्न वेगळा. या दोन्हींची आपण गल्लत करतो आणि ती चूक चार लाखांची होते.

आता आकडे पाहू. महिंद्राच्या तीन दारांच्या थारमध्ये डिझेलची दोन इंजिने मिळतात. २.२ लिटरचे इंजिन सुमारे १३० अश्वशक्तीचे आहे आणि ते फोर बाय फोर गाडीला बसते, म्हणजे त्या गाडीची चारही चाके ओढू शकतात. जानेवारी २०२३ मध्ये १.५ लिटरचे स्वस्त इंजिन आले. ते सुमारे ११७ अश्वशक्तीचे असून त्या गाडीची फक्त मागची दोन चाके ओढतात. अश्वशक्तीत फरक तेरा आकड्यांचा. टॉर्क मात्र दोन्ही डिझेल इंजिनांचा सारखाच, ३०० न्यूटन-मीटर आहे. वजन ओढण्याचा जो जोर, तो टॉर्क, आणि ते काम किती झपाट्याने होते ती अश्वशक्ती. मोठ्या रस्त्यावर भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना हे तेरा आकडे थोडे जाणवतील. पण फोर बाय फोरचे जादा यंत्र अंगावर वागवायचे म्हणजे त्याचे वजनही आलेच. आपल्या गावाहून तालुक्याला जाताना मध्ये दोन एसटी, चार ट्रॅक्टर आणि एक बैलगाडी असते. तिथे हे तेरा घोडे कुठे पळवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अश्वशक्ती आपल्याला नवी नाही. आपण ती विहिरीवर शिकलो. आमच्या घरच्या विहिरीवर पाच एच.पी.ची मोटर होती. चार तासांत विहीर तळाला जायची. शेजाऱ्याने साडेसातची बसवली म्हणून मीही हट्टाने साडेसातची बसवली. वडील नको म्हणत होते. डिप्लोमा झालेला मी, त्यांचे ऐकले नाही. काय झाले? चार तासांत रिकामी होणारी विहीर तीन तासांच्या आत रिकामी होऊ लागली. झरा होता तेवढाच राहिला. उसाला पाणी मिळाले तेवढेच. वर स्टार्टर बदलला, केबल बदलली आणि एच.पी.वर आकारलेले वीजबिलही भरले. आता २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपांना सरकारने मोफत वीज दिली आहे. तिथेही ज्याने हौसेने दहाची बसवली तो योजनेच्या बाहेर राहिला. मोटर मोठी झाली म्हणून विहीर मोठी होत नाही, हे मी माझ्या खिशातून शिकलो.

गाडीच्या बाबतीतही सरकारने अशीच एक रेषा ओढली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. गाडीची लांबी चार मीटरपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सी.सी.पर्यंत असेल तर कर १८ टक्के. इंजिन त्याच्या वर गेले की ४० टक्के. थार चार मीटरच्या आत बसते. म्हणजे दोन्ही गाड्यांचा सांगाडा तोच, पण लहान इंजिन १८ टक्क्यांत आणि मोठे ४० टक्क्यांत. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या शोरूम किमती पाहिल्या तर सारख्या सजावटीची लहान इंजिनची गाडी सुमारे सव्वाबारा लाखांची आणि मोठ्या इंजिनची फोर बाय फोर सुमारे साडेपंधरा लाखांची. फरक सव्वातीन लाखांचा. त्यातून कर वेगळा काढून पाहा. या सव्वातीन लाखांतले अडीच लाख निव्वळ जादा कराचे निघतात. मोठे इंजिन आणि चार चाकांची ओढ यांच्या वाट्याला उरतात पाऊण लाख. आपण म्हणतो ‘ताकदीला पैसे मोजले’, पण बहुतेक पैसे सरकारजमा झालेले असतात.

एवढ्यावर थांबत नाही. आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या खाजगी डिझेल गाडीला रस्ता कर किमतीच्या १४ टक्के आहे. किंमत वाढली की तोही वाढला, आणखी पंचेचाळीस हजार. विमाही इंजिनवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे तिसऱ्या पक्षाचा वार्षिक विमा १५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये आहे. सगळे धरून गाडी दारात येईपर्यंत फरक पावणेचार लाखांच्या पुढे जातो.

आता हे पावणेचार लाख आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हिशेबापुरते हातात टनाला २,७०० रुपये पडतात असे धरू. पावणेचार लाखांसाठी सुमारे १३९ टन ऊस गव्हाणीत टाकावा लागतो. एकरी चाळीस टनाने हा साडेतीन एकरांचा ऊस झाला. त्यातले खत, पाणी, मजुरी अजून वजा केलेलीच नाही.

बरे, ही रक्कम कोणी रोख देत नाही. नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांचे कर्ज धरले तर फक्त या फरकाचा हप्ता महिन्याला पावणेआठ हजार रुपये येतो. पाच वर्षांत पावणेचारचे पावणेपाच लाखांच्या जवळ भरावे लागतात. नोकरदाराचा पगार दर महिन्याला होतो म्हणून त्याचा हप्ता जुळतो. आपली आडसाली जुलै-ऑगस्टला लागते आणि तुटायला पंधरा-सोळा महिने जातात. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो खरा. पण तोडच उशिरा आली की बिलही पुढे सरकते, हे मी आपल्याला सांगायला नको. हप्ता महिन्याचा आणि बिल वर्षाचे, ही दोन चाके एका आसावर बसत नाहीत. मग उसनवारी सुरू होते, खताचा एक डोस चुकतो आणि पुढच्या वर्षीचा ऊस आपल्याला ती चूक काट्यावर दाखवतो.

आणि इकडे ठिबकला काय आहे? अल्पभूधारकाला ८० टक्के व इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, अर्थात ठरलेल्या खर्चमर्यादेत. अनुदान हातात पडायला वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, हे मला मान्य आहे. तरीपण सरकार जिथे शंभरावर चाळीस घेते तिथे आपण धावत जायचे आणि जिथे शंभरातले पंचाहत्तर देते तिथे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे, हे कुठले शहाणपण?

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. फोर बाय फोर ही निरुपयोगी वस्तू नाही. ज्यांची वस्ती नदीकाठच्या काळ्या रानात आहे, पावसाळ्यात चार महिने रस्ता राहत नाही, बाळंतिणीला बाहेर काढायचे तर ट्रॅक्टरशिवाय सोय नाही, त्यांना चारही चाकांची ओढ आणि खालचा जादा गिअर खरोखर उपयोगी पडतो. मागच्याच चाकांची ओढ असलेली गाडी काळ्या चिखलात जागच्या जागी फिरते, टॉर्क सारखा असला तरी. अशा सभासदाने मोठी गाडी घेतली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.  ज्याला ऑटोमॅटिक गिअरच पाहिजे त्यालाही लहान डिझेल चालणार नाही, कारण ते हाताच्या गिअरचेच येते. मात्र एक समज काढून टाका. चार चाकांची ओढ गाडी चिखलातून काढते, थांबवत नाही. ब्रेक दोन्ही गाड्यांना चारही चाकांनाच असतात. ओल्या रस्त्यावर फोर बाय फोर आहे म्हणून जोरात नेणारा वळणावर फसतो.

उसाची जात आपण अशीच निवडतो की नाही? चोपण जमीन असली की कोएम ०२६५ लावतो, नाहीतर को ८६०३२ चा विचार करतो. ‘शेजाऱ्याने लावला’ म्हणून जात निवडणाऱ्याला आपणच नावे ठेवतो. मग गाडी निवडताना आपली जमीन, आपला रस्ता आणि आपले बिल का पाहू नये?

म्हणून दाखला मागायला येण्याआधी घरात बसून तीन प्रश्न स्वतःला विचारा. वर्षात किती दिवस आपल्या वाटेवर चिखलामुळे गाडी अडते? या फरकाच्या रकमेला किती टन ऊस लागतो? आणि ती रक्कम रानात घातली तर टनेज वाढेल का? पहिल्याचे उत्तर ‘पाच-सात दिवस’ असेल तर त्या दिवशी शेजारच्याचा ट्रॅक्टर बोलवा. त्याला चहा पाजायला पावणेचार लाख लागत नाहीत.

हा सगळा हिशेब मी आप्पांच्या मुलापुढे कागदावर मांडला. पोरगा हुशार आहे. त्याने आधी चिखलाचा मुद्दा काढला. त्यांच्या वस्तीचा रस्ता मागच्या वर्षी खडी टाकून झाला आहे, हे त्याच्याच तोंडून आले. मग तो म्हणाला, “पण साहेब, बघायला येणारे पाहुणे काय म्हणतील?”

मी म्हणालो, “बाळ, दोन्ही गाड्यांचा पत्रा एकच आहे. पाहुणा बॉनेट उघडून इंजिन मोजत नाही. आणि मोजणारा असलाच, तर तो सातबारावरचा बोजा आधी मोजेल.”

आप्पा पहिल्यांदा हसले. दाखला मी त्याच दिवशी सही करून दिला. तो त्यांचा हक्क आहे, आणि कुठली गाडी घ्यायची हा निर्णयही त्यांचाच. जाताना मुलाने तो हिशेबाचा कागद मागून घेतला आणि ठिबकचा अर्ज कुठे मिळतो तेही विचारले. अजून त्यांनी गाडी घेतलेली नाही. मुहूर्ताला घेऊ म्हणतात. लहान घेतली तर पेढे खायला जाईन आणि मोठी घेतली तरी जाईन. पण पुढच्या हंगामात त्यांच्या प्लॉटची पाहणी करायला गेल्यावर मी आधी दारातल्या गाडीकडे न पाहता सरीतल्या उसाकडे पाहीन. बोलणी पुन्हा फिसकटू नयेत असे वाटत असेल, तर पाहुण्यांनाही आधी तोच दाखवावा, असे माझे मत आहे.

— ऊस विकास अधिकारी